वर्षाची नको, उन्हाळ्याची मेंबरशिप घ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी ४१ वर्षांची. नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, सीताबर्डीला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. महिन्याला ४८ हजार हातात येतात. जानेवारीत रक्त तपासलं तर एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, पण चालणं वाढवा आणि थोडी वजनं उचलायला लागा. शंकरनगरजवळ एक मोठी, एसी जिम नवीन झाली आहे. मी चौकशीला गेले. काउंटरवरच्या मुलीने कागदावर ६५ हजार लिहिले, त्यावर लाल पेनाने काट मारली आणि खाली ४२ हजार लिहिले. जीएसटी वेगळा. म्हणाली, ऑफर ३१ मार्चपर्यंतच आहे. तीन महिन्यांचे मात्र १५ हजार. पर्सनल ट्रेनर हवा तर महिन्याला ८ हजार. घराजवळच्या जिमचे वर्षाचे ९ हजार आहेत. तिथे तीन वर्षांपूर्वी सहा महिन्यांचे ६ हजार भरले होते आणि जेमतेम पंधरा वेळा गेले. सगळी पोरं, मशीन कुणी दाखवायचं नाही, लाज वाटायची. यजमान म्हणतात, अंबाझरी तलावावर फुकट चालता येतं, एवढ्या पैशात सोफा येईल. मुलाच्या ट्यूशनचे ४० हजार भरताना कुणी दोनदा विचार केला नाही, पण स्वतःसाठी एवढे घालायला मन धजत नाही. हे पैसे वसूल होतील का, की नुसता थाट आहे?"

प्रिय ताई,

वर्षाचे बेचाळीस हजार भरू नका. तीन महिन्यांचे पंधरा हजार भरा, एप्रिल ते जून, आणि मनात किंतु न ठेवता भरा. महिन्याच्या हिशेबाने ते महाग पडतात हे मला दिसतंय, तरी तेच भरा.

आधी पत्राच्या शेवटच्या ओळींबद्दल बोलते, कारण पैशांचा प्रश्न खरा तिथेच अडलाय. मुलाच्या ट्यूशनला घरात कुणी "वसूल होतील का" असं विचारलं नाही. तुमच्या तब्येतीच्या खर्चाला मात्र सोफ्याशी सामना करावा लागतोय. तुम्ही कमावता, घर चालवता, आणि रिपोर्टवर ६.१ लिहून आलंय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. उंबरठ्यावरून माघारी फिरता येतं, म्हणूनच डॉक्टरांनी गोळी न देता व्यायाम सांगितला. तेव्हा हा खर्च हौसेचा नाही, उपचाराचा आहे. घरात बोलताना तो त्याच खात्यात मांडा. थाट असता तर मी स्पष्ट नको म्हटलं असतं.

वजनं उचलायला का सांगितलं, तेही यजमानांना समजावून सांगा. आपण खाल्लेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढतात, आणि व्यायाम संपल्यावरही काही तास इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. वय वाढतं तसे स्नायू कमी होत जातात, म्हणजे साखर ठेवायची जागाच आखडते. नुसत्या चालण्याने ती जागा फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी जे सांगितलं त्यात दोन्ही गोष्टी आहेत: आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तसा व्यायाम, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम.

म्हणजे यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १५० मिनिटांसाठी एक रुपया लागत नाही. अंबाझरी आहे, सेमिनरी हिल्स आहे, घराजवळची बाग आहे. महापालिकेच्या बागांमध्ये ग्रीन जिमची यंत्रंही बसवली आहेत, पण त्यांत वजन वाढवायची सोय नसते. महिनाभरात शरीराला सवय होते आणि प्रगती तिथेच थांबते. स्नायू वाढायचे तर वजन थोडं थोडं वाढत गेलं पाहिजे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी जिम लागते ती एवढ्यासाठी.

दोन दिवस किमान, तीन दिवस उत्तम. सातही दिवस, पहाटे पाच ते रात्री अकरा उघडं असणाऱ्या दाराचे पैसे तुम्हाला उपयोगाचे नाहीत. तुम्हाला आठवड्यातले तीन तास हवे आहेत. आता हिशेब त्या तीन तासांचा करा.

बेचाळीस हजारांवर ५ टक्के जीएसटी धरला तर ४४,१०० होतात. (जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यांच्या कागदावर अजून १८ दिसले तर तिथेच विचारा.) महिन्याला बारा वेळा, वर्षभर न चुकता गेलात तर एका वेळेचे साधारण ३०६ रुपये पडतात. महिन्याला चारच वेळा गेलात तर ९१९. आणि तुमच्या जुन्या, "स्वस्त" जिमचे? सहा हजार भागिले पंधरा, म्हणजे प्रत्येक वेळेचे ४०० रुपये. स्वस्त जिम तुम्हाला महागड्या जिमच्या नियमित हजेरीपेक्षा जास्त महाग पडली. फलकावरच्या दरावरून काहीच ठरत नाही, ठरतं ते हजेरीवरून.

हजेरीच्या बाबतीत माणूस स्वतःबद्दल फार उदार अंदाज बांधतो, आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिममधल्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होते. एका वेळेचे १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच ठिकाणी दहा वेळांचा पास घेतला असता तर दहा डॉलर पडले असते. लोक आळशी होते असा याचा अर्थ मी काढत नाही. पैसे भरताना आपण जानेवारीतल्या उत्साहाने भरतो, आणि जायची वेळ येते तेव्हा घरात पाहुणे असतात, मुलाची परीक्षा असते, ऑफिसात मार्चएंड असतो. वार्षिक दर एवढा कमी ठेवता येतो, कारण पैसे भरलेल्यांतले बरेचजण येणार नाहीत हे जिमला माहीत असतं. सगळे रोज आले तर ट्रेडमिलला रांगा लागतील.

म्हणून लाल पेनाने काट मारलेल्या आकड्याचा विचार मनातून काढून टाका. ६५ हजार कुणी भरले असतील असं मला वाटत नाही. ३१ मार्चची ऑफर गेली तर पाडव्याची, दसऱ्याची, नवीन वर्षाची येईल. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

तीन महिन्यांचे पंधरा हजार, जीएसटी धरून १५,७५०. छत्तीस वेळा गेलात तर एका वेळेचे ४३७ रुपये. वर्षाच्या दरापेक्षा जास्त आहेत, खरंय. पण बेत फसला तर २८ हजार तुमच्या हातात राहतात. शिवाय एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगतं. एप्रिलला सुरू केलंत तर जुलैत केलेली तपासणी त्या तीन महिन्यांचाच निकाल असेल. पुढचे पैसे भरायचे की नाही, हे काउंटरवरच्या मुलीला न विचारता त्या रिपोर्टला आणि तुमच्या हजेरीला विचारा.

आणि हेच तीन महिने का, तर आपण नागपुरात राहतो. पुण्याच्या माणसाला मी हा सल्ला दिला नसता. इथे एप्रिलपासून मृग लागेपर्यंत बाहेरच्या व्यायामाचं काही खरं नसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, सकाळी आठलाच ऊन टोचायला लागतं, आणि संध्याकाळी सातलाही डांबर आणि भिंती वाफ सोडत असतात. ऑफिसातून आलेलं माणूस त्या वेळी अंबाझरीला जात नाही, कूलरसमोर बसतं. साध्या जिममध्येही बहुतेक ठिकाणी कूलरच असतो, आणि तीस माणसं घाम गाळत असताना तो पुरा पडत नाही. पाऊस सुरू झाला की त्याची हवा उलट चिकट होते. या अडीच-तीन महिन्यांत एसीला खरी किंमत आहे. त्या एसीमुळे तुम्ही जाल, नाहीतर जाणार नाही. हेच नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तुम्हाला सांगितलं असतं की स्वेटर घाला आणि सेमिनरी हिल्सला जा. तेव्हा गारव्याचे पैसे कशाला मोजायचे? वर्षाची मेंबरशिप म्हणजे हिवाळ्यातल्या एसीचेही पैसे.

तीन महिने संपतील तेव्हा पावसाळा लागला असेल. रिपोर्ट चांगला, हजेरी चांगली, तर पुढचा विचार करा, आणि तेव्हाही आधी तीन महिन्यांचाच. हजेरी चांगली पण पैसे जड वाटतायत, तर तोवर तुम्हाला व्यायाम येत असेल. मग नऊ हजारांची जिमही चालेल. शिकलेल्या बाईला तिथे लाज वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्हाला लाज वाटली ती पोरांमुळे थोडी, आणि काय करायचं हे कुणी न सांगितल्यामुळे जास्त. माणूस मशीनसमोर उभं राहतं, सीट कुठून खालीवर होते कळत नाही, मागे कुणीतरी वाट बघत असतं, आणि ते निमूटपणे ट्रेडमिलकडे परत जातं. पंधरा दिवसांनी यायचंच बंद होतं. असं खूप बायकांचं होतं आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

म्हणून पैसे देण्याआधी एक फेरी मारा, पण दुपारी नको. दुपारी सगळ्या जिम छान दिसतात. ज्या वेळी तुम्ही जाणार त्याच वेळी, सोमवारी संध्याकाळी साडेसहा-सातला जा आणि अर्धा तास नुसतं बघा. डंबेलच्या स्टँडपाशी उभ्या राहा. एक, दोन, अडीच, पाच किलोच्या जोड्या आहेत का, की सुरुवातच साडेसातपासून होते? पोरांसाठी मांडलेल्या जिममध्ये हलकी वजनं एकतर नसतात, नाहीतर जोडीतलं एक कुठेतरी कोपऱ्यात पडलेलं असतं. नवीन आलेल्या बाईला सगळ्यात आधी तीच लागतात. मग फ्लोअरवरच्या ट्रेनरकडे बघा. कुणी पाठ वाकवून वजन उचलत असेल तर तो जाऊन सांगतो का, की मोबाइलमध्ये आहे? त्या वेळेला महिला ट्रेनर असते का? बायकांची चेंजिंग रूम आत जाऊन बघा, कडी लागते का बघा. स्टीम बाथ, ज्यूस काउंटर, गुबगुबीत सोफ्यांची लॉबी याकडे लक्ष देऊ नका. त्याने साखर कमी होत नाही. एका दिवसाची ट्रायल मागा; बहुतेक जिम देतात.

आता जायचं कसं. त्रिमूर्तीनगरला घरी येऊन, चहा घेऊन, भाजी फोडणीला टाकून पुन्हा शंकरनगरला निघायचं, हे होणार नाही. घरात शिरलेली बाई घराची होते, तिला कुणी बाहेर सोडत नाही. बॅग सकाळीच बरोबर घ्या आणि सीताबर्डीहून सरळ जिमला जा. मेट्रोने येत असाल तर शंकरनगर चौकाचं स्टेशन वाटेवरच आहे. उतरा, तासभर व्यायाम करा, पुढे सुभाषनगरला जा. गाडीने येत असाल तर धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर संध्याकाळी पार्किंग शोधण्यात पंधरा मिनिटं जातात. जिमचं स्वतःचं पार्किंग आहे का, हे विचारूनच घ्या. आणि आठवड्यातल्या त्या तीन संध्याकाळी स्वयंपाक कुणी करायचा, हे पैसे भरण्याआधी घरात ठरू द्या. यजमानांनी वरण-भाताचा कुकर लावायला हरकत नाही, मुलगाही आता मोठा झालाय. ताई, ही गोष्ट मी किरकोळ म्हणून सांगत नाहीये. बायकांची जिम सुटते ती बऱ्याचदा इथेच सुटते.

पर्सनल ट्रेनरचं गणित सगळ्यात सांभाळून करा. आठ हजार गुणिले बारा म्हणजे ९६ हजार. मेंबरशिपच्या दुप्पटीहून जास्त. जिममध्ये आत शिरल्यावर खरी विक्री सुरू होते ती याची. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुमचं वजन, चरबी मोजेल, कागद पुढे ठेवेल आणि "मॅडम, ट्रेनरशिवाय रिझल्ट येणार नाही" म्हणेल. येतो. तुम्हाला ट्रेनर हवा आहे तो शिकण्यापुरता. महिन्याऐवजी आठ-दहाच सेशन घेता येतात का विचारा, नाही मिळाली तर एकच महिना घ्या. त्या महिन्यात बसून-उठणं, जमिनीवरून वजन उचलणं, ढकलणं आणि ओढणं या चार हालचाली नीट शिका. किती वजन, किती वेळा, हे छोट्या वहीत लिहा. तुम्ही हिशेब ठेवणाऱ्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. पाचाचे साडेसात किलो झाले की ते वहीत दिसतं.

प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारतील, तो घेऊ नका. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आहार मार्गदर्शनात स्नायू वाढवण्यासाठी अशी सप्लिमेंट्स टाळायलाच सांगितलं आहे. झुणका, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी, यांतून भागतं. तर्री पोहे बंद करा असं मी म्हणणार नाही, पण रोजचे नकोत. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना बीपी दाखवा. व्यायाम करताना छातीत दाब आला, चक्कर आली तर थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कागदपत्रांबद्दल थोडं. नवी जिम वर्षाचे पैसे आगाऊ घेते तेव्हा तुम्ही तिला बिनव्याजी उधारच देत असता. वर्षाच्या मध्येच शटर खाली आलं तर ते पैसे सोडवणं फार जिकिरीचं होतं. तीन महिन्यांत ही जोखीम कमी आहे, तरी फॉर्मवर सही करण्याआधी वाचा. आजारपणात किंवा लग्नकार्यात मेंबरशिप थांबवून ठेवता येते का, किती दिवस? आपोआप रिन्यू होण्याची अट आहे का? सगळ्या वेळा खुल्या आहेत की फक्त दुपारच्या? जे तोंडी सांगितलं ते फॉर्मवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पैसे ऑनलाइन द्या, जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या. सांगितलेली सेवा मिळालीच नाही आणि "नॉन-रिफंडेबल" या शब्दावर बोट ठेवून तुम्हाला परत पाठवलं, तर तिथे विषय संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि ५ लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.

हप्त्यावर घेऊ नका. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणतील, तरी प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा कर बघा, आणि मुख्य म्हणजे जाणं थांबलं तरी हप्ते थांबत नाहीत. ४८ हजारांच्या पगारात पंधरा हजार एकदम देणं जड आहे, मला कळतं. मार्चचा पगार झाल्यावर द्या. एप्रिलचा पहिला आठवडा गेला तरी काही बिघडत नाही. तोवर पहाटे उठून चालायला सुरुवात करा.

समजा सोमवारची फेरी मारलीत आणि मन बसलं नाही: गर्दी फार, ट्रेनर ढिम्म, पार्किंग नाही. मग पंधरा हजारही देऊ नका. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर परिसरात बायकांची वेगळी बॅच आणि महिला ट्रेनर असलेली जिम शोधा. एसी नसला तर सकाळी सहाची बॅच घ्या. तेही जमलं नाही तर पाच किलोच्या डंबेलची एक जोडी आणि दोन रबरी बँड आणा. खुर्चीवरून उठ-बस, ओट्याला हात टेकून पुशअप, बँड ओढणं, हे आठवड्यातून तीनदा बेडरूममध्ये दार लावून करा. सुरुवातीला एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत बघून घ्या. शिस्त असेल तर घरातही स्नायू वाढतात. पण पत्रावरून मला वाटतं, घरात तुम्हाला तो तास कुणी मिळू देणार नाही, आणि म्हणून शंकरनगरचे तीन महिने मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतात.

यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. आणि त्यांचीही साखर एकदा तपासून घ्या. एकाच घरात, एकाच ताटातलं खाणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच रक्तावर लक्ष ठेवून भागत नाही. त्यांना अंबाझरी आवडत असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला दोघं मिळून जा. तुमच्या १५० मिनिटांतली साठ तिथेच होतील.